साडूचा टॉवेल परभणीला

स्टँडजवळच घर बांधायचं म्हनता? मग आमच्या साडूचं ऐका. त्यानं पालमच्या स्टँडला खेटून घर बांधलं अन् आमाला हिणवायचा, "तुमी पळा गाडीमागं. माझ्या न्हाणीच्या खिडकीलाच गाडी लागती!"

त्याच्या पोरीसाठी परभणीला स्थळ बघायला जायचं होतं. मी शिवारातून चालत येऊन गाडीत बसलो. साडूनं न्हाणीतूनच हात लांब करून टॉवेल सीटवर टाकला, जागा धरली अन् निवांत अंगाला साबण लावला. तेवढ्यात गाडी सुटली. मी लय वरडलो, पण ड्रायव्हर कुठला थांबतोय?

परभणीत पाव्हण्यांनी विचारलं, "पोरीचे वडील कुठं हायत?"

मी टॉवेल पुढं केला. म्हनलं, "ते न्हाणीत हायत. स्टँडच्या लय जवळ राहतेत ना!"