देवीचा घाम

वसंत : …चुना दुसऱ्यांदा मारला साहेब. वाळतच नाही. सकाळी खांबाले हात लावला त तळवा ओला झाला.

ओव्हरसियर : नवी टाकी थोडी पाझरतेच, मिस्त्री. मुरेल हळूहळू.

वसंत : वरचं पाझरणं वेगळं. हे खांबाच्या जोडापाशी आहे. टाकीत पाणी चढते तशी ओल खाली उतरते. आता अर्धी भरली त हे हाल आहे, पुरी भरली म्हणजे काय होईन? व्हॉल्व्ह बंद करू द्या मले. चार दिवस पाहू, मंग भरू.

ओव्हरसियर : आज तारीख काय?

वसंत : एकतीस.

ओव्हरसियर : एकतीस मार्च. संध्याकाळी मोठे साहेब येणार, भरलेली टाकी बघणार आणि काम पूर्ण झालं म्हणून सही करणार. ती सही आज झाली नाही तर उरलेलं अनुदान मुंबईला परत. उरलेलं म्हणजे काय, माहीत आहे ना? तुमच्या वस्तीचे नळ. टाकी उभी राहील आणि खाली पाइपच नसेल. मग प्या पुन्हा त्या नाल्याकाठच्या विहिरीचं.

वसंत : म्हणून त चूप आहो साहेब. रुख्मामावशीची सून जयवंता मागच्या उन्हाळ्यात त्याच पाण्यानं गेली. कॉलरा झाला. दवाखान्यात नेईस्तोवर खेळ खलास.

ओव्हरसियर : मग झालं तर. आजचा दिवस निभावून नेऊ. पैसा आला जानेवारीत आणि संपवायचा मार्चमध्ये. काँक्रीटला कोण सांगणार, बाबा रे, लवकर पक्कं हो म्हणून? मलाही रात्री झोप लागत नाही, मिस्त्री. तुम्ही माणसं तेवढी लांब ठेवा. त्या बायका खांबाला हळदकुंकू वाहत होत्या, त्यांचं काय केलंत?

वसंत : त्या म्हणत, देवीले घाम आला. गंगामाय खांबात उतरली. ओलीवर कुंकू लावत अन् लेकरं घेऊन अथीच बसत. हटता हटत नव्हत्या. शेवटी काल मी मावशीले सांगतलं, हा घाम साधा नाही, देवी कोपली आहे. नळ येईस्तोवर इकडे फिरकू नका.

ओव्हरसियर : ऐकलं त्यांनी?

वसंत : तोंड उतरलं तिचं. लेकरं उठवून गेली. आज सकाळपासून कुत्रं नाही फिरकलं इकडे.

ओव्हरसियर : बघा. मी काटेरी तार मागत बसलो असतो. तुम्ही एका शब्दात काम केलंत.

वसंत : मले बरं नाही वाटून राहिलं. देवीचं नाव घेऊन खोटं बोललो.

ओव्हरसियर : चांगल्यासाठीच बोललात.

वसंत : साहेब, डफडं वाजून राहिलं काय कुठं?

ओव्हरसियर : लग्नाची वरात असेल.

वसंत : इकडेच येऊन राहिलं.

(वाजंत्री टाकीखाली येऊन थांबली. पुढे ताट घेतलेली रुख्माबाई, मागे अख्खी वस्ती. बायका पोरांना खांबाभोवती ओळीनं बसवू लागल्या, तसा वसंत ताटासमोर आडवा आला.)

रुख्माबाई : बाजूले हो गा वसंता. ताट सांडन.

वसंत : मावशी, काल काय सांगतलं होतं मी तुले?

रुख्माबाई : देवी कोपली म्हणून सांगतलं न. रातभर डोळ्याले डोळा नाही लागला माह्या. कोपलेल्या देवीले कोणी एकटं सोडते काय? तुह्या मायनं एवढंही नाही शिकवलं तुले? घरोघरी तांदूळ मागतले, नारळ आणलं. धोंडबा विणकरानं मागावरचं नवं लुगडं उतरवून देल्लं. साऱ्या वस्तीची ओटी आहे ही. मागच्या साली मातामाय कोपली तवा आमी ओटीले उशीर केला, अन् माही जयवंता गेली. आता उशीर नाही करत मी.

वसंत : लेकरं काहून आणले?

रुख्माबाई : लेकरायच्या हातचं घेते देवी. मोठ्यायच्या हातचं कोपात घेत नाही.

ओव्हरसियर : बाई, इथे बसायला परवानगी नाही. मोठे साहेब यायचे आहेत.

रुख्माबाई : येऊ द्या न साहेब. त्यायलेही कुंकू लावू.

वसंत : मावशी, ऐक माहं. खोटं बोललो मी. देवी नाही कोपली. खांब कच्चा आहे. टाकीतलं पाणी खांबातून येऊन राहिलं. वर पाणी चढून राहिलं अन् खाली तू लेकरं बसवले.

रुख्माबाई : काल कोपली म्हणे, आज नाही कोपली म्हणतं. साहेबाच्या भेवानं बोलून राहिला तू.

वसंत : माह्या चारूची शपथ.

रुख्माबाई : तिची शपथ कायले घेतं? तिलेच त सगळ्यायच्या पुढं बसवलं. टाकीच्या मिस्त्रीची पोरगी, पहिला मान तिचा. तुह्या बायकोनं, सुमतीनं, नवा झगा घालून पाठवली.

वसंत : चारू आली?

रुख्माबाई : ते पाह्य. ओटीचं ताट घेऊन खांबाले टेकून बसली.

वसंत : साहेब, व्हॉल्व्हची चावी द्या.

ओव्हरसियर : मिस्त्री, गाडी येतच असेल. एवढं एक—

वसंत : माही पोरगी तथी बसली साहेब.

ओव्हरसियर : घ्या. घ्या चावी. पण त्यानं नवं पाणी थांबेल. वर चढलेलं वरच राहणार, ते उतरवायला रात्र जाईल.

रुख्माबाई : थांब वसंता. चावी फिरवली त नळ येतीन काय आमचे?

वसंत : नाही येणार.

रुख्माबाई : मंग नको फिरवू. जयवंतानं पाणी मागतलं तवा मीच पाजलं तिले. त्या विहिरीचं. ह्या हातानं पाजलं. आता नातवाले नाही पाजत मी ते पाणी.

वसंत : मावशी, नळाचं मंग पाहू. पहिले लेकरं उठव. तुह्या शब्दानं उठतीन ते. माह्या शब्दाले आता कोणी विचारत नाही.

रुख्माबाई : आरती सुरू झाली गा. आरतीच्या मधातून कसं उठवू? काय सांगू त्यायले?

वसंत : देवीच घरी जा म्हणते, असं सांग.

रुख्माबाई : आता तू मले खोटं बोलाले लावतं.

वसंत : हो. लावतो. पाया पडतो तुह्या.

रुख्माबाई : वसंता.

वसंत : बोल न लवकर.

रुख्माबाई : कुंकू म्या आत्ताच लावलं होतं. ओल सोडून, वर कोरड्या जागी. ते खाली काहून उतरून राहिलं?

वसंत : कुठं?

रुख्माबाई : ते काय. चारूच्या ताटात टपकून राहिलं.