घोड्यावरचा सेनापती साभार परत

आजच्या या निरोप समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या काच कारखान्याच्या मालकीणबाई. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते मावळते व्यवस्थापक, आपले साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून घड्याळाकडे पाहणाऱ्या वहिनी. भट्टी, साचे, तपासणी आणि पॅकिंग या चारही विभागांतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि भट्टी सोडता येत नाही म्हणून बाहेर स्पीकरवर ऐकणाऱ्या सहकाऱ्यांनो,

साच्यांचा फोरमन या नात्याने साहेबांविषयी दोन शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. खरं म्हणजे साहेब दोन शब्दांत आरामात मावले असते. पण मग कार्यक्रम फारच लवकर आटोपला असता, आणि वहिनींनी एवढी तयारी करून यायचं तरी कशाला?

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांना दूरदृष्टीचे, शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ म्हटलं. निरोपाच्या दिवशी एवढं चालतं, मी कुणाचं तोंड धरत नाही. मी फक्त एका चित्राबद्दल बोलणार आहे. तेच, जे इथे व्यासपीठाच्या पायरीशी खाकी कागदात गुंडाळून उभं केलंय.

साहेबांच्या खोलीतलं लढाईचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. सोनेरी चौकट, दारापेक्षा रुंद. पाहुण्यांना साहेब सांगायचे, ‘हाताने रंगवलेलं आहे.’ जवळ जाऊन पाहिलं की छपाईचे ठिपके दिसायचे. पाहुणे लांबच बसायचे, म्हणून निभावलं.

चित्रात काय आहे? समुद्रापलीकडून आलेली फौज टेकडीवर रांगेत उभी आहे. लाल कोट, पांढरे पट्टे, आणि एवढी लढाई होऊनही बुटांना चिखल नाही. मधोमध पांढऱ्या घोड्यावर सेनापती. तलवार उपसलेली, पण पाहतोय शत्रूकडे नाही, आपल्याकडे, फोटोसाठी थांबल्यासारखा. आणि खाली धुरात, ज्यांचा तो मुलूख होता ती माणसं एकावर एक पडली आहेत. त्यांना चेहरे नाहीत. चित्रकाराने कोटाचं बटण न् बटण काढलं, पण यांना नाकडोळे द्यायला त्याला फुरसत झाली नाही.

आता इतरांच्या कारखान्यात वर्षअखेरीला कामाचा आढावा घेतात. आपल्याकडे काय व्हायचं? साहेब एकेकाला आत बोलवायचे, चित्रासमोर उभं करायचे, आणि पितळी पट्टीचं टोक चित्रावर टेकवून म्हणायचे, ‘या वर्षी तुम्ही इथे.’ पॅकिंगचे काका सलग सहा वर्षं ढोल वाजवणारे होते. गोदामातले भाऊ तोफेचा गाडा ओढणारा बैल. होय, बैल! माणसांची जागा संपली, म्हणाले. मी घोड्याचा लगाम धरणारा नोकर होतो, आणि सांगायला लाज वाटते, पहिल्या वर्षी घरी जाऊन मी बायकोला आनंदाने सांगितलं, की मी घोड्याच्या अगदी जवळ आहे. ती म्हणाली, ‘कुठल्या बाजूने? पुढच्या की मागच्या?’

साहेब स्वतः कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आम्ही त्यांना पाठीमागे ‘सेनापती’ म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा वाटलं, आता आपली धडगत नाही. पण साहेबांनी शिपायाला बोलावून विचारलं, ‘सगळेच म्हणतात का?’ आणि दिवसभर खुशीत होते. थट्टा कळायलासुद्धा थोडं डोकं खर्ची घालावं लागतं, त्याला काय करणार!

तर या सेनापतींची लढाई आपण एकदा पाहिली. भर दुपारी भट्टीची भिंत तडकली आणि वितळलेली काच जमिनीवर आली. पॅकिंगच्या बायका घमेल्यांनी वाळू टाकत होत्या. एकाचा पाय भाजला, त्याला मी आणि बैलाने, म्हणजे गोदामातल्या भाऊंनी, उचलून बाहेर नेलं. साहेब कुठे होते? खोलीत, आतून कडी लावून. सगळं निवल्यावर बाहेर आले ते नवीकोरी पांढरी टोपी घालून, आणि बातमीसाठी आलेल्या छायाचित्रकाराला विचारत, की उजेड कुठून चांगला येईल.

साहेब, मान खाली घालू नका, अजून व्हायचंय.

मला त्या चित्राचा राग नाही. ज्याने काढलं तो त्या फौजेचा पगारी माणूस, तिच्या बाजूने काढणारच. मला नवल वाटतं ते तुमचं. रोज सकाळी तुम्ही त्या घोडेस्वाराकडे पाहून टाय नीट करायचात. एकदाही मनात आलं नाही, की आपले आजोबा-पणजोबा या चित्रात असलेच, तर कुठे असतील? साहेब, तुमचा रंग माझ्यासारखाच, नाकही माझ्यासारखंच. आपण दोघंही त्या खालच्या ढिगातले. फरक एवढाच, की मला ते दिसतं, आणि तुम्ही त्याच ढिगावर घोडा उभा करून आम्हाला म्हणता, ‘तुम्ही इथे.’

जाता जाता साहेबांनी मोठं मन करून हे चित्र कामगारांना भेट दिलंय. म्हणाले, कँटीनमध्ये लावा, खाली माझ्या नावाची पाटी लावा. म्हणजे आम्ही घास घ्यायचा तोही तुमच्या घोड्याखाली! आमच्या समितीने एकमताने ठरवलंय, साभार परत. वहिनी, तुमच्या दिवाणखान्यात जागा नसेल तर आम्हाला वाईट वाटेल, पण तुमचं दुःख आम्ही समजू शकतो.

अध्यक्षबाई, आता तुमच्याशी बोलायचंय. चिठ्ठी पाठवू नका. वेळ झालीय हे मला कळतंय.

शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी, तपासणीच्या टेबलावरच्या मावशी बसल्या आहेत. या वर्षी साहेबांनी पट्टी त्यांच्यासाठी तोफेच्या गाड्याशेजारी रडणाऱ्या बाईवर टेकवली. मावशींनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, ‘अहो साहेब, एवढ्या लढाईत ही बाई काय करतेय? कुणाचा डबा द्यायला आली होती का?’ दाराबाहेर आम्ही उभे होतो, आम्हाला हसू आवरलं नाही. साहेब म्हणाले, ‘तुम्हाला या चित्रात जागाच नाही.’ आणि आठवड्यात मावशींच्या हातात कागद पडला, की सोमवारपासून त्यांची गरज नाही. दीड वर्ष राहिलं होतं त्यांचं निवृत्तीला. आता गेल्या, तर पेन्शनही गेली. एका विनोदापायी! तोही आपल्या कारखान्यातला सगळ्यात चांगला विनोद. जाता जाता सेनापतींनी केलेली ही शेवटची शिकार. बंदूक म्हणून सहीचं पेन, आणि समोर एक बाई, डब्याबद्दल विचारणारी.

त्या कागदावर साहेबांची सही आहे, अध्यक्षबाई, पण ती रद्द करायची ताकद तुमच्या सहीत आहे. सोमवारी मावशी टेबलावर असतील का?

काय म्हणालात? ‘नंतर विचार करू’?

करा ना. पण भट्टी विचारासाठी थांबत नाही. काच आत थिजली तर अख्खी भट्टी फोडून काढावी लागते, हे तुमच्या वडिलांनीच आम्हाला शिकवलं. सोमवारी सकाळी मावशी आल्या, तर सकाळच्या पाळीचे कामगारही येतील. नाही आल्या, तर कुणीही येणार नाही. मी एकट्याचं सांगत नाहीये. आपापल्या जागी उभे राहा रे जरा. बघा, बाई. बैलसुद्धा उभा आहे.

मी थांबतो. मला घाई नाही.

...माईकमध्ये सांगाल का? मागे ऐकू जात नाही. ‘सोमवारी यावं त्यांनी.’ आणि कागद? ‘फाडून टाकायला सांगते.’ सांगू नका बाई, मावशींच्या पर्समध्येच आहे तो. मावशी, या पुढे. या, या, वाट द्या त्यांना. द्या तो कागद बाईंच्या हातात.

आभारी आहे, अध्यक्षबाई. मनापासून. टाळ्या नंतर वाजवा, आधी बाईंना कागद पूर्ण फाडू द्या.

साहेब, तुम्हाला आयुष्य लाभो, आणि शेजार चांगला मिळो. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. मी जे बोललो त्याची क्षमा मागणार नाही. वेळेअभावी साहेबांबद्दल बरंच बोलायचं राहून गेलं, तेवढी कसूर मात्र पोटात घाला.