ओकबुनबाईंच्या चेहऱ्याची तयारी

कोरियातल्या देगू शहराच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर सत्तरीच्या दोघी मैत्रिणी होत्या. त्यातल्या ओकबुनबाई डब्यातले काळे तीळ चमच्याने खात होत्या.

“मालसुन, खरं सांग. चेहरा उजळलाय का गं माझा?”

“उजळलाय की. पण हे खूळ काय नवीन?”

“महिनाभर समुद्रशेवाळाचं सूप आणि डुकराच्या पायांचा रस्सा खातेय. गोड कॉफीसुद्धा सोडली.”

“नवरा गेला तेव्हाही सोडली नव्हतीस! कुणासाठी एवढं?”

“गायनवर्गातल्या संगबोकरावांसाठी. आज जेवायला बोलावलंय त्यांनी.”

“अगं, त्यांना मोतीबिंदू आहे! मला एकदा ‘या दादा, बसा’ म्हणाले होते.”

“ऑपरेशन झालं. कालच पट्टी निघाली. म्हणाले, आता तुम्हाला नीट बघायचंय.”

“अगंबाई!”

“त्यांना धूसर दिसत होतं तेच बरं होतं. जाऊ का घरी परत?”

“खबरदार! आला थांबा, ऊठ.”

मीही तिथेच उतरले. काळा चष्मा लावलेले एक आजोबा पुढे आले. त्यांनी चष्मा काढला, बाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“ओकबुनबाई, सकाळी आरशात बघितलं हो. मी इतका म्हातारा झालोय, हे मला कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला चालेल ना?”

“न चालायला काय झालं? चला, आधी पोटभर जेवू. रंगरूपाचं मग बघू.”