शंकरच्या मुठीतला गोळा

गाडी अडली की तुम्ही स्टेशनमास्तरला खुशाल शिव्या घालता. ती कशाने अडते, हे कधी विचारलंत? एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारजवळच्या एका बारक्या स्टेशनावर मी मास्तर होतो. लाइन एकेरी. आलेल्या गाडीचा ड्रायव्हर एक लोखंडी गोळा द्यायचा. तो आमच्या यंत्रात पडला, तरच मागच्या स्टेशनावरून पुढची गाडी सुटायची.

त्या दिवशी मालगाडीचा गोळा आमच्या शंकर पोर्टरने घेतला. तेवढ्यात त्याची शेजारीण ओरडत आली, "शंकरभाऊ, घर चाल बेगीन! पोरनं काही खरं नही!"

शंकर तसाच पळाला. मागच्या स्टेशनावर पॅसेंजर खोळंबली. मी गोळा शोधत शेवटी त्याचं घर गाठलं. तापाने फणफणलेली पोर मांडीवर घेऊन, पॅसेंजरने येणाऱ्या डॉक्टरची वाट बघत तो मलाच विचारतो, "मास्तर, डाक्टर आजून उना नही का?"

म्हटलं, "डाक्टरनी गाडी तुन्हा मुठमा शे, शंकर."

त्याने मूठ उघडली.

मी धावत जाऊन गोळा यंत्रात टाकला. पॅसेंजर लागली, तेव्हा शंकरच्या घराकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. डॉक्टर डब्याच्या दारातूनच बॅग सावरत म्हणाला, "चला, लवकर चला!"

मी म्हटलं, "सावकाश उतरा, डॉक्टर."