सोमवारची वॉल ट्यूब

—नाही नाही, बस त्या स्टुलावर. तुझा जोडीदारही बसू दे, एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नसतं ना तुम्हाला? ठाऊक आहे मला तुमचं सगळं. चहा चालत नाही, तेही ठाऊक. हे भाजलेल्या सातूचं पाणी आहे, घ्या. काय रे, मिशी फुटलेली नाही आणि छातीवरच्या धर्मप्रचारकाच्या पाटीवर 'ज्येष्ठ'! मी त्र्याहत्तर वर्षांचा, माझ्या छातीवर नुसतं वंगण. — हसलास. म्हणजे समजतं थोडंफार. आलास कधी? गुरुवारी? मग अजून दारं मोजत असशील, किती वाजवली, किती उघडली. हॅस्लमही मोजायचा — तुझ्याआधी इथे होता तो, ताडमाड, ही सायकल त्याचीच. पहिल्या दिवशी एकसष्ट दारं वाजवली, उघडलं एक, तेही पार्सलवाला समजून.

चाक धर जरा. हवा भरायचा तुझा वॉल काढून ठेवलाय, माझा लावून हवा भरलीय. आता ट्यूब पाण्यात फिरवतो, बुडबुडा दिसला की सांग.

तर हॅस्लम पहिल्यांदा आला तो देव घेऊन. मी म्हटलं, माझी बायको त्या देव्हाऱ्यात फोटोत बसलीय, मला तेवढं पुरे. सायकल बिघडली तर ये, एरवी नको. बोललो आपलं, जीभच तशी. आणि हा पुढच्याच सोमवारी हजर, चाक बसलेलं, वॉलमधली रबरी नळी गायब. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच. आता वरची चकती घट्ट असताना आतली वॉल ट्यूब आपोआप जाते का? पन्नास वर्षं हेच करतोय मी. पण बोललो नाही. तो बसायचा, तू बसलायस तिथेच. वाकडं फिरणाऱ्या चाकाचा आउट काढायला शिकला. सोमवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, आईशी फोन असायचा त्याचा — हसत बोलायचा, सगळं छान, लोक छान — आणि फोन ठेवला की आरे मोजत बसायचा, छत्तीस आरे, पुन्हा पहिल्यापासून. जोडीदार चोवीस तास शेजारी, तरी पोरगा एकटा. मला काय त्याचं? काही नाही. मी पाणी द्यायचो, एवढंच.

मग एकदा तोंड सुटलं माझं. नवी वॉल ट्यूब घातली आणि म्हटलं, आता वर्षभर हवा जाणार नाही, वॉल ट्यूब काढून आणायचं नाटक बंद कर, मी खुळा नाही. गमतीनं म्हटलं रे. गमतीनं आणि थोडं घमेंडीनं. त्याचे कान लालभडक झाले. आमच्या रीतीनं कमरेत वाकून नमस्कार केला, गेला. पुढचे चार सोमवार घंटी वाजवत समोरून जायचा, थांबायचा नाही. थांबेल कसा? सायकल बिघडली तर ये म्हटलं होतं मी, आणि सायकल ठणठणीत! मग सेंडाईच्या तुमच्या मुख्य कचेरीतून त्याला फोन आला, बदली. हा तुझा जोडीदार तेव्हा त्याचा होता, यानंच सांगितलं मला, हॅस्लम गेल्यावर. हाक मारायची होती नुसती. चार सोमवार होते हातात, एकदाही मारली नाही.

शटरकडे काय बघतोस? हो, लिहिलंय, सोमवारी बंद. मग उघडं कसं? वारा खेळायला. रबराचा वास कोंडतो. — बरं, अर्धं वर ठेवतो. घंटी ऐकू येते.

बुडबुडे? एकही नाही? मग ट्यूब धड आहे. खरं तर आधी वॉल बघतात, कालचा शिकाऊसुद्धा आधी वॉल बघेल. सोमवारी मी शेवटी बघतो. आण तो इकडे.

ह्यात वॉल ट्यूब नाही.

पडली? जोडीदाराकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. खिशात काय आहे? दाखव. … हॅस्लमनं सांगितलं, ती काढून इथे जा म्हणून? मान हलवतोस ती हो म्हणून ना? … बरं. राहू दे, बोलू नकोस. डोळ्यांना पंक्चरचं सोल्युशन झोंबतं हे. वापरलंच नाही? गप्प बस.

बरं वाटलं. लिहिणार असशील त्याला, तर लिही, म्हाताऱ्याला फार बरं वाटलं म्हणून.

घे, नवी घातलीय. ती खिशातली दे इकडे, टाकून देतो. आणि पुढच्या सोमवारी धड सायकलवर ये. चला, उठा आता दोघं. शटर पाडायचंय मला.