सासरे उपाशी असल्याची बातमी

...आणि वर लोक मलाच ऐकवतात हो! तुम्हाला सांगतो, मी गणोजी, देवासच्या थोरल्या पातीच्या कचेरीत खालमानेनं नोकरी करणारा माणूस, उभ्या जन्मात कुणाच्या पुढचं ताट ओढलं नाही, आणि अख्खं गाव म्हणतं काय, तर हा सासऱ्याला उपाशी ठेवतो! परवा समोरच्या मिठाईवाल्यानं भर रस्त्यात थांबवलं, "अरे भिया, ससुरजी को रोटी तो खिलाया करो." अरे बाबा, सासरे माझ्या घरून पोटभर जेवूनच तुझ्या दुकानी आले होते, तुझ्या जिलब्या खाऊन परत घरी आले आणि पुन्हा पाटावर बसले... आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

आमचे सासरे मल्हारराव, मी त्यांना मामासाहेब म्हणतो, म्हणजे साधी असामी नव्हे. धारच्या दरबारी मुदपाकखान्याचे दारोगा, राजाच्या स्वयंपाकघराचा सगळा कारभार त्यांच्या हाती, शेवटची पंगत उठल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही असा बाणा. दिल्लीचा दरबार झाला त्याच्या पुढल्या साली सासूबाई गेल्या. मुलगा फत्तेसिंग पोलिसात, सदा सरदारपूरच्या बाजूला फिरतीवर, मग म्हाताऱ्यांकडे बघणार कोण? म्हणून आमची मंडळी, विनोदिनी, त्यांना देवासला घेऊन आली. मी म्हटलं, येऊ द्या, घरात वडीलधारं माणूस असलेलं बरं.

आधी जोडा कुठं काढला ते विसरायचे, मग वार विसरायला लागले, आणि एक दिवस चांगलं वरण-भात, वांग्याची भाजी जेवून, हात धुऊन, पान खाऊन उठले आणि ते पान तोंडात असतानाच म्हणाले, "विनू, आज स्वयंपाकाला उशीर का गं?" तिला वाटलं थट्टा करताहेत. ती हसली, म्हणाली, आबासाहेब, आत्ताच नाही का जेवलात? तर त्यांचा चेहरा असा पडला, असा पडला... काठी उचलली आणि रस्ता ओलांडून गेले.

आता देवासचा रस्ता ओलांडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं एका गावात दोन राजे! आमच्या बाजूला थोरली पाती, समोर धाकटी. म्हणजे मामासाहेब उंबरा उतरून चार पावलं चालले की परमुलखात! तिथं समोर राहणाऱ्या सावित्रीबाईंच्या ओट्यावर बसून सांगायचे, जावई जेवायला घालत नाही. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी, लगेच गरम पोळी, वर तूप. म्हाताऱ्यानं दोन्ही राज्यांत जेवावं आणि दोन्ही राज्यांत माझी अब्रू जावी... यात माझं काय चुकलं?

शेवटी त्यांना डॉक्टर शरच्चंद्रांकडे नेलं. नवा डॉक्टर, मुंबईला शिकलेला. त्यानं मामासाहेबांना विचारलं, सकाळी काय खाल्लंत? आठवेना. मग विचारलं, धारच्या दसऱ्याच्या पंगतीला काय काय असायचं? तर बासुंदीपासून पंचामृतापर्यंत सगळं, कोण कुठं बसायचं त्याच्यासकट! मी म्हटलं, बघा, आठवतंय की, म्हणजे हट्टच आहे हा.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "गणोजीराव, हा हट्ट नव्हे, रोग आहे. मेंदू वाळत जातो. नवं काही त्यात राहत नाही, जुनं तेवढं शेवटपर्यंत टिकतं." मग सांगायला लागला, जर्मनीत कुणी एक बाई अशीच विसरत विसरत गेली, पार नवऱ्याला ओळखेना, आणि ती वारल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो आक्रसलेला, आत डाग, बारीक धाग्यांचा नुसता गुंता. मी विचारलं, म्हणजे जितका वाळेल तितकं विसरणार? तर म्हणाला, ते इतकं सरळ अजून कुणालाच सांगता येत नाही, आणि यांचंही तेच आहे असं मी म्हणत नाही, डोकं उघडून थोडंच बघता येतं? हे शेवटचं तेवढं मामासाहेबांनी ऐकलं. जे उठले, ते टांग्यात जाऊन बसले!

घरी येऊन विनोदिनीला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं एका जेवणाचे लहान लहान भाग केले. आबासाहेब विचारोत केव्हाही, ती म्हणायची, बसा, वाढतेच. दर खेपेला तोच घास, तीच तक्रार, भाजीत मीठ कमी! पण चेहरा पडायचा थांबला.

तोवर बातमी धारला पोचली होती. फत्तेसिंग आले ते पोलिसी मिशा पिंजारूनच. "दाजी, आबासाहेबांना मी आजच घेऊन जाणार." मी म्हटलं, न्या, पण आधी जेवा. बापलेक शेजारी शेजारी बसले. मामासाहेब पोटभर जेवले, हात धुतले, बाहेर ओसरीवर आले आणि लेकाच्या कानाशी लागून म्हणाले, "पाहुणे, इथं राहू नका. इथं जेवायला घालत नाहीत. धारला जा, आमच्या फत्तूकडे. थोडा तापट आहे, पण उपाशी नाही पाठवायचा कुणाला."

फत्तेसिंगांच्या मिशा एकदम खाली आल्या. हळूच विचारलं, "तुमचा फत्तू येतो का इकडं?"

"येईल," मामासाहेब म्हणाले. "कामात असतो."

त्या दिवशी फत्तेसिंग एकटेच परत गेले. जाताना माझे दोन्ही हात धरले. आता सवड मिळाली की येतात, पाहुणे म्हणून ओसरीवर बसतात, स्वतःचीच तारीफ खाली मान घालून ऐकतात. आणि गेल्या आठवड्यापासून मामासाहेब मलाच फत्तू म्हणायला लागलेत, मायेनं पाठीवरून हात फिरवतात. म्हणजे मेहुणा झाला पाहुणा, मी झालो मुलगा... आता जावई कोण, हे मी काही विचारत नाही. विसरले असतील, तर माझंच भलं आहे.