न सोडलेला नारळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि 'किनारवार्ता' साप्ताहिकाचे संपादक आदरणीय मेहुलभाई, या सभागृहाची सोय करून देणारे प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, नवापूरहून रिक्षांत दाटीवाटीने आलेले माझे नातेवाईक आणि बोईसरच्या वाचकहो,

मघाशी मी शाल घेतली, पण श्रीफळासाठी हात पुढे केला नाही, तेव्हा पुढच्या रांगेत कुजबुज झाली. दमयंतीबाईंना शिंगं फुटली, असं कुणाला वाटलं असेल. वाटू द्या. सकाळी निघताना आई म्हणाली, "तू जा. शाल घे, थंडीला व्हईल. नारल घेव नको." का म्हणाली, ते सांगते.

'उसनी आठवण' हे माझं सदर आजपासून बंद होतंय. दर शुक्रवारी मी त्यात लिहायचे: लिहायला घेतलेली एकांकिका कुठे अडली, लग्नातली जुनी गाणी कुणाकडून मिळाली, आजीचं ऐकलेलं आईकडून माझ्यापर्यंत कसं आलं. त्यातलं माझं असं काय होतं? वादळ आजीने पाहिलं, फुटलेली होडी आईने पाहिली, मी नुसती शाई खर्च केली. मेहुलभाईंनी आत्ता मला 'किनाऱ्याचा आवाज' म्हटलं. आभारी आहे. त्या आवाजाचं काय झालं, तेवढंच बोलते.

गेल्या नारळी पौर्णिमेला आमचं गाव वाजतगाजत किनाऱ्यावर गेलं. आईच्या हातात सोनेरी कागद लावलेला नारळ होता. त्याआधी आठवडाभर कारखान्यांच्या सांडपाण्याने मेलेली मासळी वाळूवर येत होती. पाण्याचा वास कसा होता, ते तुम्हा बोईसरकरांना मी काय सांगणार? आई गुडघाभर पाण्यात गेली, उभी राहिली आणि नारळ घेऊन तशीच मागे फिरली. झिपरूमामा ओरडले, "अगो, दर्या कोपंल!"

आई म्हणाली, "तेला रोज इख पाजतान, न् मी नारल कंच्या तोंडान देव? नाय देनार."

जिचं सगळं आयुष्य या दर्यावर निघालं, त्या म्हातारीने सणाच्या दिवशी अख्ख्या गावासमोर नाही म्हटलं. काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने तेही सोसलं.

ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आठवण, उसनी नव्हे. जशीच्या तशी लिहून दिली. छापून काय आलं? 'आईने भरल्या डोळ्यांनी सागराला नारळ अर्पण केला.'

मेहुलभाई, मी तुमच्या कार्यालयात आले होते, आठवतं? तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, "ताई, सणाचा अंक आहे, गोड वाटायला हवं. शिवाय दुरुस्ती छापली की चूक दिसते." चहा चांगला होता.

माझी मुलगी उन्नती पालघरला वसतिगृहात असते. त्या पौर्णिमेला ती घरी नव्हती. पुढे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती ठसक्यात म्हणाली, "माझ्या आजीने भरल्या डोळ्यांनी नारळ अर्पण केला." पेपरातून पाठ केलं होतं. पहिला नंबर आला. तिचं कौतुक बघायला आलेली आजी समोरच बसली होती. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "पोरीला काय बोलू नको. पेपरात हाय, तिला खरंच वाटनार. मी गेल्यावर हेच खरं व्हनार."

आता या सदराचं पुस्तक निघतंय, माझा निरोप गोड व्हावा म्हणून. छापायला जाणारी पानं मी पाहिली. नारळ त्यातही अर्पण झालाय. खुणा करून पानं परत पाठवली, तर पुन्हा तशीच आली. मला संताप आलाय आणि तो मी शालीखाली झाकणार नाही. माझ्या आईने आयुष्यात एकदाच चारचौघांत तोंड उघडलं. ते शब्द तुम्ही गोड करून टाकलेत. हे पुस्तक मी मागे घेते. माझ्या नावाने ते निघणार नाही.

इतकी वर्षं वाचलंत, पत्रं लिहिलीत, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. चहा-फराळाचं बघणाऱ्या महिला मंडळाचेही आभार. बोलताना माझं काही चुकलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. फक्त छापताना ते सुधारू नका.